भाषण नलूचंच होतं, अक्का

अक्का, काल तुझ्या शोकसभेत सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे असताना मी बोलत होते. हळू नाही, चांगलं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. आज आपल्या मंडळात दुसरा विषय नाही. मालतीबाईंना दुःखानं भ्रम झाला म्हणे. दुपारी दोघी जणी समाचाराला येऊन गेल्या, कपाळाला हात लावून ताप आहे का पाहून गेल्या. मला भ्रमबिम काही झालेला नाही. मला संताप आलाय. तू जाऊन आज बारा दिवस झाले आणि या बारा दिवसांत तो उतरायच्या ऐवजी चढतोच आहे. कुणावर काढावा कळत नाही म्हणून तुझ्यावरच काढते. तुला माझ्या आरडाओरड्याची सवय आहे.

तुझं गाव कोणतं, तू कितव्या वर्षी विधवा झालीस, इथल्या कन्नड शाळेत किती वर्षं शिकवलंस, हे मी इथे लिहिणार नाही. काल सात वक्त्यांनी ते सात वेळा सांगितलं, आणि सात तऱ्हांनी सांगितलं. सातही जणांच्या हातात कागद होते. तुझ्या शोकसभेत कागद! एकानं पान उलटताना दोन पानं एकदम उलटली. त्यामुळे तू निपाणीच्या शाळेतून निघालीस ती थेट इस्पितळात दाखल झालीस. मधलं सगळं आयुष्य गाळलं गेलं, आणि सभागृहात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. मला हसू आलं नाही. तू बोलायला शिकवलेली चार मुलं काल तिथे बसली होती. आता मिशा आल्यात त्यांना. त्यांतल्या एकाचंही नाव वक्त्यांच्या यादीत नव्हतं.

आपली ओळखच मुळी भांडणानं झाली होती, आठवतं? यांची इथल्या सरकारी कारखान्यात नेमणूक झाली आणि आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो. अरविंद तेव्हा सहा वर्षांचा होता. इथलं हवामान मऊ, माणसं मऊ, आणि मला मात्र घरातून बाहेर पडलं की भाषा नाही. म्हणून मराठी मंडळात गणेशोत्सवात मुलांची वक्तृत्व स्पर्धा आहे म्हटल्यावर मी हरखून गेले. त्या स्पर्धेची आपल्या मंडळाची एक खास रीत होती. भाषण आधी लिहून परीक्षकांकडे द्यायचं. तीन परीक्षक त्या प्रतीवर पेन्सिल टेकवून बसायचे आणि मुलानं शब्द गाळला की फुली मारायचे. भाषण लिहायचं वडिलांनी, पाठ करून घ्यायचं आईनं, आणि फुली मुलाला. ही पद्धत मला तेव्हा शिस्तीची वाटली होती, हे आधीच कबूल करते.

विषय होता स्वावलंबन. भाषण मी लिहिलं. महिनाभर अरविंदला आंघोळीआधी, जेवणाआधी, झोपायच्या आधी म्हणायला लावलं. कुठल्या शब्दाला उजवा हात वर करायचा, कुठे मूठ आवळायची, सगळं बसवलं. चौथ्या वाक्याला तो अडकला. मी पडद्याआडून कुजबुजले आणि त्या बाळानं माझी कुजबुज इमानदारीनं माइकमध्ये सांगितली, "म्हणून बंधुभगिनींनो, हात वर कर." सभागृह खो खो हसलं. त्यानं हात वर केला आणि तसाच रडत आत आला.

मी त्याला दोन धपाटे घालायच्या बेतात होते. तेवढ्यात एक काळीसावळी, नऊवारी नेसलेली बाई पुढे झाली आणि त्याला म्हणाली, "बाळ, तू इकडे येताना वाटेत काय काय बघितलास?" पाच मिनिटांत माझं रडकं पोर तिला यशवंतपूरच्या यार्डातलं इंजिन कसं मागे मागे येतं आणि डबा कसा धाडकन जोडला जातो ते हातवारे करून सांगत होतं. कुठल्या शब्दाला हात वर करायचा हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तू माझ्याकडे वळलीस.

"बघ की. येतंय की याला बोलायला. पोरगं तुझं, खरं भाषण कुणाचं गं ते?"

तुमच्या निपाणीकडे 'पण' म्हणायच्या ऐवजी 'खरं' म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी चिडलेच असते. मी म्हणाले, भाषण माझं आहे आणि शुद्ध आहे.

"शुद्ध आहे गं, धुवून इस्त्री केल्यासारखं. खरं त्याच्या अंगाला होईना की."

तीन दिवस मी धुमसत होते. चौथ्या दिवशी अरविंदला घेऊन तुझ्या रविवारच्या वर्गाला आले. तुझी फजिती पाहायला आले होते, हेही आता सांगून टाकते.

तुझा वर्ग म्हणजे मंडळाच्या मागचा व्हरांडा, दोन सतरंज्या आणि पंधरावीस पोरं. कागद आणायचा नाही. ज्याला जे माहीत आहे त्यानं त्यावर बोलायचं. बाजारात आई भांडते कशी, नळाला पाणी आल्यावर काय होतं, मांजर व्यायली तेव्हा कुणी काय केलं. टाळ्या वाजवायच्या त्या मूल बोलायला उभं राहिलं की, आधीच. "नंतरच्या टाळ्या म्हणजे बक्षीस झालं. आधीच्या म्हणजे आधार," असं तू म्हणायचीस. बोलून झालं की टाळी नाही. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी एक प्रश्न विचारायचा. प्रश्न आला म्हणजे भाषण पोचलं. प्रश्न आल्याशिवाय मुलानं खाली बसायचं नाही.

आणि टोकाला, पायरीपाशी, शेजारचे किट्टण्णा छत्री घेऊन बसलेले. वय सत्तरच्या पुढे, कानानं अधू, मराठीचा एक शब्द येत नाही. आवाज आपल्यापर्यंत आला की ते छत्री वर करायचे. नाही आला तर छत्री खाली, आणि म्हातारा ओरडायचा, "जोरागि, मगू, जोरागि!" पोरं ओठ चावायची, छाती भरून श्वास घ्यायची आणि त्या छत्रीसाठी बोलायची. लाजरी, आईच्या पदराला चिकटलेली, घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा तिहेरी घोटाळ्यात जीभ अडकलेली पोरं. तीन महिन्यांत ती पाहुण्यांना नाव-गाव विचारायला लागली.

तरी मी भांडायचं सोडलं नाही. तुझ्या घरी कॉफी पीत आपण दर आठवड्याला तेच भांडण भांडलो. मी म्हणायचे, आधी मुलांच्या जिभेवर चांगली भाषा चढवा, चांगलं पाठ करून घ्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तू म्हणायचीस, "आड रिकामा नसतोय गं. त्याच्यावर झाकण घालून वर तुम्हीच बसलाय."

हे भांडण मिटलं नाही. मला अजूनही वाटतं की माझं थोडं तरी बरोबर होतं, पाठांतरानं भाषेला वळण लागतं. आता हे कुणाला सांगू? माझ्याशी वाद घालायला या गावात दुसरं माणूस नाही. यांच्याशी वाद घातला की हे वर्तमानपत्र उघडतात.

असो. नलूवर येते. तिच्यावर यायचं टाळत मी इतका वेळ इकडतिकडचं लिहिते आहे, हे तू एव्हाना ओळखलं असशील.

नलूची आई राधाबाई. नवरा रेल्वेत फिटर होता, तो अपघातात गेला. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेलं घराणं, त्यामुळे बोलण्यात अर्धं कन्नड. उत्सवात मंडळाचा सगळा स्वयंपाक तिच्याकडे. नलू नऊ वर्षांची होती, तुझ्या वर्गातली सगळ्यात हळू आवाजाची. तिच्यासाठी पहिल्यांदा छत्री वर झाली त्या दिवशी तू साखर वाटलीस.

त्या वर्षी तू दादासाहेबांच्या मागे लागून एक गोष्ट पदरात पाडून घेतलीस. मंडळाच्या या अध्यक्षांना कधी नव्हे ती सुबुद्धी झाली. उत्सवाच्या मुख्य संध्याकाळी स्पर्धेबाहेर वर्गातल्या तीन मुलांनी कागदाशिवाय पाच पाच मिनिटं बोलायचं ठरलं. नलू त्यांतली एक. उत्सवाच्या आधीच्या रविवारी तुला ताप भरला आणि वर्ग मी घेतला. नलूनं तिचं भाषण माझ्यासमोर म्हणून दाखवलं. तू ते ऐकलं नव्हतंस. मोठ्या माणसांपैकी ते फक्त मी ऐकलं होतं.

ती म्हणाली, "माझी आई मोदक करते. उकडीत स्वल्प मीठ घालते, नाहीतर गोड गोड लागत नाही. पाकळ्या नऊ. तिच्या बोटांना चटका बसतो, खरं ती हात काढत नाही. सगळे म्हणतात, राधाबाईंचे मोदक, राधाबाईंचे मोदक. मग संध्याकाळी हळदीकुंकू असतं. तेव्हा आई दारामागे उभी राहते. मी विचारलं, तू का जात नाहीस? आई म्हणाली, सुम्मने बस, काही विचारू नको. गणपतीला आईचे मोदक चालतात, मग हळदीकुंकवाला आई का चालत नाही? मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा."

पोरं माझ्याकडे बघायला लागली. प्रश्न विचारायचं काम माझं होतं. मी म्हणाले, "छान, बस खाली." आणि घरी आले. तुला यातलं काही सांगितलं नाही. तुला सांगायचं म्हणजे हळदीकुंकू हा शब्द तुझ्यासमोर काढायचा, आणि इतक्या वर्षांत तो मी कधी काढला नव्हता. दर उत्सवात कुंकवाचा करंडा माझ्या हातात असायचा आणि त्याच वेळी तुला बाहेर मुलांच्या चपला लावायचं काम निघायचं. तू चपलाच लावत असतेस असं मी स्वतःला सांगत आले. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं.

त्या संध्याकाळी नलू उभी राहिली आणि तेच बोलली. शब्द थोडे पुढेमागे झाले असतील, पण किट्टण्णांची छत्री पहिल्या वाक्यालाच वर गेली. शेवटचं वाक्य संपलं. दादासाहेब उठून म्हणाले, "पुढचा कार्यक्रम." पण नलू जागची हलेना. प्रश्न आल्याशिवाय बसायचं नाही असं तिला तू शिकवलं होतंस ना! चारशे माणसांसमोर ती नऊ वर्षांची पोर प्रश्नाची वाट पाहत उभी. मग तू खालून, गर्दीतून, विचारलंस, "नऊच पाकळ्या का गं नलू?"

"अकरा घातल्या तर पारी फाटते, अक्का," ती म्हणाली आणि मानानं खाली उतरली.

त्यानंतर हळदीकुंकू झालं. हो, झालं. मी करंडा घेऊन रांगांतून फिरले. राधाबाई ज्या दारामागे उभी होती ते दार माझ्यापासून तीन पावलांवर होतं. मी तिकडे गेले नाही. अक्का, मला दादासाहेबांचा राग येतोच, पण रात्रंदिवस मी मोजत बसते ती ही तीन पावलं.

विसर्जन झालं आणि कार्यकारिणीची बैठक बोलावली. तुला आरोपीसारखं समोर बसवलं. दादासाहेबांचं म्हणणं साधं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला हे सुचेलच कसं? हे कुणीतरी लिहून दिलंय, पाठ करून घेतलंय. कुणी, ते बोलून दाखवायची गरज नाही, पण ज्यांच्या मनात स्वतःचं काही दुःख आहे त्यांनी मुलांच्या तोंडून ते वदवू नये.

जन्मात कुठल्या पोराला एक ओळ लिहून न देणाऱ्या बाईवर हा आरोप! आणि करणारे कोण, तर मुलांच्या भाषणाच्या प्रतीवर पेन्सिल ठेवून बसणारे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

तू म्हणालीस, "पाठ करून घ्यायची रीत तुमची, माझी न्हवं. पोरीचं बोलणं पोरीचं."

दादासाहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे भाषण आधी कुणी ऐकलं होतं का? कुणी साक्षीदार?"

मी होते. दुसऱ्या रांगेत. एक वाक्य पुरलं असतं. 'रविवारी मी वर्ग घेतला, अक्का घरी तापानं पडल्या होत्या, नलू आपल्या मनानं बोलली.' दादासाहेब कारखान्यात यांचे वरिष्ठ, यांच्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर. यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी यांच्यावर ढकलू शकते, इतकी वर्षं ढकलत आलेही. पण खरं सांगू? यांनी पाहिलं नसतं तरी मी उठले नसते. उठले असते तर पुढचा प्रश्न आला असता, 'तुम्ही ऐकलंत, मग थांबवलं का नाही?' आणि त्यावर मला बोलावं लागलं असतं. मी मूग गिळून बसले. मुलांना धीटपणे बोलायला शिकवायच्या वर्गाची मी साहाय्यक शिक्षिका!

आणि तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. याचा राग मला आजही येतो. नलूनं मला म्हणून दाखवलं होतं हे तिनं तुला सांगितलंच असणार. तू एकदा मान वळवून पाहिलं असतंस तर मी उठले असते. तू समोरच्या भिंतीकडे पाहत राहिलीस, मला वाचवलंस. कुणी सांगितलं होतं तुला मला वाचवायला?

वर्ग बंद झाला. 'मुलांच्या अभ्यासाच्या दृष्टीनं' असं कारण फळ्यावर लागलं. स्पर्धा चालूच राहिली, पेन्सिली चालूच राहिल्या. मंडळातली पोरं नलूला पोपट म्हणायला लागली. राधाबाईनं मंडळाचा स्वयंपाक सोडला आणि मायलेकी यशवंतपूरला राहायला गेल्या. पुढच्या आठवड्यात मी जीव मुठीत धरून तुझ्याकडे आले तर तू कॉफी पुढे केलीस आणि म्हणालीस, "असू दे की गं. बस." त्यानंतर सहा वर्षं आपण जगातल्या सगळ्या गोष्टींवर भांडलो, याच्यावर नाही. दर रविवारी तू बसनं यशवंतपूरला जायचीस. विचारलं तर म्हणायचीस, तिकडे एक ओळखीची आजारी असते. मी खोदून विचारलं नाही. न विचारण्यात मी एव्हाना तरबेज झाले होते.

आता कालचं. सातव्या कागदानंतर दादासाहेब स्वतः उठले. कंठ दाटून आल्यासारखा आवाज काढून म्हणाले, "अक्कांनी मुलांच्या मुखात शब्द घातले."

अक्का, हेच वाक्य! सहा वर्षांपूर्वी हाच तुझा गुन्हा होता, काल ती तुझी थोरवी झाली. माणूस मेलं की आरोपाचा हार करून त्याच्याच फोटोला घालायचा, ही कुठली रीत? मग त्यांनी विचारलं, "आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत?" उत्तर नको असलेल्या माणसाच्या सुरात. मी उठले. यांनी पदर धरला, "अगं, बस खाली." मी पदर सोडवून घेतला.

मी म्हणाले, "अक्कांनी कुणाच्या मुखात काही घातलं नाही. नलूचं भाषण नलूचंच होतं. ते मी आधी ऐकलं होतं." एवढं झालं आणि मी हळदीकुंकवाचं नाव घेतलं मात्र, दादासाहेब घाईघाईनं म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या." सगळे उभे राहिले. बघितलंस? तुझ्याच नावानं माझं तोंड बंद करायला निघाले. एक क्षण मी गप्प झालेही, सवयीनं. मग लक्षात आलं की स्तब्ध राहायचं त्यांनी ठरवलंय. दोन मिनिटं मला कुणी अडवू शकत नाही, कारण सगळ्यांना गप्प राहायचंय! मी ती दोन मिनिटं घेतली. बैठकीत साक्षीदार मागितला तेव्हा मी दुसऱ्या रांगेत होते हे सांगितलं. तू तापानं घरी होतीस हे सांगितलं. करंडा माझ्या हातात होता आणि दारामागची राधाबाई नि बाहेर चपला लावणारी तू, दोघी मला दिसत होतात हेही सांगितलं. आवाज फाटला, वाक्यं तुटली, एक क्रियापद कुठल्या कुठे गेलं. पुण्याची शुद्ध मराठी माझ्या उपयोगाला आली नाही. तुला सांगते, पाठ केलेलं असतं तर बरं झालं असतं असं त्याही वेळी वाटलं.

घरी येताना बसमधून उतरल्यावर हे म्हणाले, "हे तेव्हाच बोलायला हवं होतं आपण." 'आपण' म्हणाले. ते मला पुरलं.

आज सकाळी उठले आणि यशवंतपूरला गेले. मनात थोडी ऐट होती, खोटं कशाला बोलू? मोठा पराक्रम केला होता ना मी. नलूला सांगायचं, बाळ, तुझे शब्द तुला परत मिळवून दिले. घर विचारत विचारत सापडलं, स्टेशनमागच्या चाळीत. नलू आता मॅट्रिकच्या वर्गात आहे. उंच झाली आहे. मान मात्र खाली. राधाबाई म्हणाली, "या की वैनी. बसा. स्वल्प कॉफी करते." आणि मग तुझा विषय निघाला आणि तिचे डोळे भरून आले. तेव्हा मला कळलं की तुझी ती आजारी ओळखीची कोण. दर रविवारी तू इथे यायचीस. नलूला म्हणायचीस, काहीतरी सांग मला, पाच मिनिटं. नलू काही बोलायची नाही. तू पाच मिनिटं तिच्यासमोर बसून राहायचीस, तिच्या पाठीवरून हात फिरवायचीस आणि उठायचीस. सहा वर्षं. शाळेत बाईंनी उभं केलं तरी ती बोलत नाही, राधाबाई सांगत होती. पुस्तकात असेल तेवढंच वाचून दाखवते.

मी घसा साफ केला आणि म्हणाले, "नलू, काल मी भर सभेत सांगितलं, ते भाषण तुझंच होतं म्हणून."

तिनं मान वर केली. "पुन्हा सांगितलंत?"

मला कळेना. मी म्हणाले, पुन्हा म्हणजे?

"अक्का सांगायच्या की. तेव्हाच्या मीटिंगमध्ये तुम्ही उठून सांगितला होता, पोरीचं भाषण पोरीचंच, मी माझ्या कानानं ऐकलंय म्हणून. खरं त्यांनी तुमचं ऐकलं नाही." आणि मग, "मला लई बरं वाटायचं, काकू. एक तरी मोठं माणूस माझ्यासाठी उठलं होतं म्हणून."

राधाबाईनं कॉफी पुढे ठेवली. ती घेऊन, हो म्हणून, मी उठू शकले असते. तू तशी सोय करून ठेवली होतीस. मी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "नाही नलू. अक्का खोटं बोलल्या. मी उठले नव्हते. मी गप्प बसले होते."

मग तिनं विचारलं, "का?"

"नलू, सुम्मने बस," राधाबाई म्हणाली.

मी म्हणाले, विचारू दे तिला. आणि सांगितलं, जमेल तसं, करंड्यापासून बढतीपर्यंत सगळं. ती रागावली. रागावून बोलली. चांगली पाच-सात वाक्यं बोलली, शेजारीण दारात येऊन उभी राहील इतक्या आवाजात. ती काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे.

परत येताना बसमध्ये मला तुझा इतका संताप आला की शेजारची बाई सरकून बसली. जन्मभर एका मुलाच्या तोंडी तू आपलं वाक्य घातलं नाहीस. घातलंस ते एकदाच, आणि ते माझ्या तोंडी. सहा वर्षं ती पोर त्या वाक्याला धरून होती. मी ते काल पहिल्यांदा म्हटलं, अक्का, आणि ऐकायला तू नव्हतीस.